धुक्याच्या रात्री हेलिकॉप्टर का येत नाही

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारी सरेपर्यंत ग्वाल्हेरच्या मराठी घरांत एक बोलणं हमखास होतं. कुणाच्या तरी काकांना अटॅक आलेला असतो किंवा कुणाच्या डोक्याला मार लागलेला असतो. इथल्या डॉक्टरांनी दिल्लीला हलवा म्हटलेलं असतं, आणि टीव्हीवर नेमकी आग्र्यापुढच्या एक्स्प्रेस-वेवर धुक्यात गाड्यांवर गाड्या आदळल्याची बातमी चालू असते. "रस्त्यानं नको, वरून न्या," असं घरातलं मोठं माणूस म्हणतं. एखादा भाचा मोबाइलवर एअर अँब्युलन्सचे नंबर शोधत बसतो. रात्री दहाला पलीकडून उत्तर येतं की आत्ता हेलिकॉप्टर निघणार नाही, सकाळी धुकं उठल्यावर बघू.

"मामा, मग हे लोक पैसे कशाचे घेतात?"

भाच्याच्या चिडण्यात गैर काही नाही. मध्य प्रदेश सरकारनं २०२४ मध्ये पीएमश्री एअर अँब्युलन्स सेवा सुरू केली. तिच्यात एक हेलिकॉप्टर आणि एक विमान आहे, आयुष्मान कार्ड असलेल्यांना ती मोफत आहे. ऑगस्ट २०२१च्या पुरात शिवपुरी, श्योपूर, दतिया या भागांत हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाण्यानं वेढलेली माणसं उचलून आणली. दतिया जिल्ह्यात तर लोकांना सोडवायला गेलेले राज्याचे गृहमंत्रीच अडकले आणि त्यांनाही हेलिकॉप्टरनंच वर ओढून घ्यावं लागलं. निवडणुका आल्या की सभेच्या मैदानावर धूळ उडवत उतरणारी हेलिकॉप्टरं तर लहान पोरांनाही पाठ आहेत. एवढं सगळं करणारं यंत्र धुक्याला घाबरतं?

यंत्र घाबरत नाही. इंजिन, पंखे, गिअरबॉक्स यांना रात्र झाली की धुकं पडलं याचं काही देणंघेणं नसतं. अडचण आहे ती चालवणाऱ्याच्या कानात.

कानाचा खोटेपणा

आपल्या प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागून, तीन अर्धगोल नळ्या असतात. तिन्ही एकमेकींना काटकोनात, आणि आत द्रव भरलेला. डोकं वळलं की नळी लगेच वळते, द्रव मात्र मागे रेंगाळतो. त्या फरकानं आतले केसांसारखे बारीक तंतू वाकतात आणि मेंदूला कळतं की आपण वळतो आहोत. पाण्यानं भरलेली घागर झटकन गोल फिरवून बघा. घागर फिरते, पाणी क्षणभर जागच्या जागी राहतं. पण घागर तशीच फिरवत राहिलात, तर थोड्या वेळानं पाणीही तिच्याबरोबर फिरायला लागतं. कानातही अगदी हेच होतं. एकाच वेगाचं वळण दहा-वीस सेकंद चालू राहिलं की द्रव नळीला गाठतो, तंतू सरळ होतात आणि मेंदू समजतो की वळण संपलं. प्रत्यक्षात ते चालूच असतं. आता वळण खरोखर थांबवलं, तर द्रव पुढे धावतो आणि मेंदूला वाटतं की आपण उलट्या दिशेला वळायला लागलो. शिवाय सेकंदाला साधारण दोन अंशांपेक्षा सावकाश वळण असेल, तर या नळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

घरात फिरती खुर्ची असेल तर कुणाला तरी डोळे मिटून बसवा आणि सावकाश, एकसारखं फिरवत राहा. कुठल्या दिशेला फिरतोयस ते अंगठ्यानं दाखव म्हणावं. काही वेळानं तो अंगठा खाली ठेवेल, कारण त्याच्या मते खुर्ची थांबलेली आहे. मग खरंच थांबवा, की तो छातीठोकपणे उलटी दिशा दाखवेल. वैमानिकांना प्रशिक्षणात अशाच खुर्चीवर बसवतात, आणि ज्याला आपला कान फार भरवशाचा वाटतो तोही तिथं फसतो.

जमिनीवर आपण असे फसत नाही, कारण डोळे उघडे असतात. खिडकीची चौकट, रस्त्याची कड, समोरची भिंत हे सगळं कानाचं खोटं क्षणोक्षणी पकडत असतं. आकाशात हे काम क्षितिज करतं. जमीन आणि आभाळ जिथं टेकतात ती एक रेघ दिसत असेल, अगदी डोळ्यांच्या कडेनं दिसत असेल, तरी पायलटला आपण सरळ आहोत की कललो आहोत हे विचार न करता कळतं. रात्र ती रेघ पुसट करते. रात्री ढग किंवा धुकं आलं, की ती उरतच नाही.

मग काय होतं? हेलिकॉप्टर हळूहळू डावीकडे कलू लागतं. कल इतका सावकाश असतो की कानाला कळत नाही. पायलटला वाटतं, आपण सरळ चाललोय. कललेलं हेलिकॉप्टर वळत जातं, नाक खाली जातं, वेग वाढतो. उंची कमी होताना दिसली की हात आपोआप नाक वर ओढतात, पण कललेल्या अवस्थेत ओढल्यामुळे गिरकी आणखी आवळते. समजा पायलटनं यंत्राकडे बघितलं, कल ओळखला आणि हेलिकॉप्टर सरळ केलं. त्याच क्षणी त्याचं अख्खं शरीर ओरडतं की आता तू उजवीकडे पडतोयस! पुष्कळजण तिथंच पुन्हा डावीकडे झुकवतात. कानातला दुसरा एक अवयव गुरुत्वाकर्षण आणि वेगातली वाढ यांच्यात गल्लत करतो. अंधारात उड्डाण करून वेग घेताना त्याच्यामुळे नाक फार वर गेल्यासारखं वाटतं, आणि पायलट जमीन जवळ असतानाच नाक खाली दाबतो.

हे किती लवकर घडतं? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठानं १९५४ मध्ये वीस शिकाऊ वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला लावलं. विसांपैकी प्रत्येकाचा ताबा सुटला, आणि तोपर्यंत लागलेला सरासरी वेळ निघाला १७८ सेकंद. ते विमान होतं. हेलिकॉप्टरचे पायलट नकळत ढगात शिरून झालेल्या अपघातांवरून अमेरिकेच्या हेलिकॉप्टर सुरक्षा गटानं काढलेली सरासरी ५६ सेकंद आहे. स्टेशनवरून फोन करून "पोचलो, उतरतोय" एवढं सांगायलाही आपल्याला याहून जास्त वेळ लागतो.

अनुभवी पायलटला असं होत नसेल, हा समज मात्र काढून टाकायला हवा. २६ जानेवारी २०२० रोजी लॉस एंजेलिसजवळ बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट याच्यासह नऊजण ज्या हेलिकॉप्टरमध्ये गेले, त्याच्या पायलटला आठ हजारांहून जास्त तासांचा अनुभव होता. दिवस होता, रात्र नव्हे. ढगात शिरल्यावर त्यानं नियंत्रकाला सांगितलं की मी चार हजार फुटांवर चढतोय. त्याच वेळी त्याचं हेलिकॉप्टर डावीकडे वळत वेगानं खाली येत होतं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरोखरच आपण चढतोय असं वाटत होतं. अनुभवानं हात तयार होतो, डोकं तयार होतं, पण कानातला द्रव काही शिकत नाही.

हात सोडायची सोय नाही

विमानाची रचना अशी असते की नीट तोलून सोडलं तर ते थोडा वेळ आपलं आपण सरळ जातं. हेलिकॉप्टरचं तसं नसतं. ज्यात स्वयंचलित स्थिरीकरण नाही असं लहान हेलिकॉप्टर काही सेकंदही मोकळं सोडता येत नाही. उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे कुठल्या बाजूला झुकायचं ते ठरवणारा दांडा. डाव्या हातात कलेक्टिव्ह, म्हणजे वर-खाली करणारा. पायांखाली पेडल, शेपटीचा पंखा सांभाळायला. एक हलवलं की बाकीची दोन सावरावी लागतात. डावा हात वर उचलला की नाक फिरायला लागतं, मग पाय दाबावा लागतो, त्यानं कल बदलतो, मग उजवा हात. पायलट हे सगळं बाहेर बघून, न मोजता करत असतो. बाहेरचं दिसेनासं झालं की तेच काम चार-पाच तबकड्या वाचत, त्यांचा मेळ घालत करावं लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी रेडिओची वारंवारता बदलायची असते, नकाशा बघायचा असतो.

"पण हेलिकॉप्टर हवेत थांबू शकतं ना? धुकं आलं तर जागेवर थांबावं." हा प्रश्न मला फार वेळा विचारला गेला आहे आणि तो खरंच चांगला आहे. हवेत एका जागी थांबणं ही हेलिकॉप्टरची सगळ्यांत अवघड कसरत असते. आपण मागे सरकतोय की बाजूला वाहतोय, हे पायलटला फक्त जमिनीवरच्या एखाद्या खुणेकडे बघून कळतं. खूण नाही, तर थांबणंही नाही. वेग दाखवणारं यंत्र समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावर चालतं, त्यामुळे फार कमी वेगाला त्याचा काटा भरवशाचा राहत नाही. ढगातून उडायची परवानगी असलेल्या हेलिकॉप्टरांनाही बहुधा ठरावीक वेगाच्या खाली ढगात जाता येत नाही. आधुनिक ऑटोपायलट असलेली शोध आणि बचावाची महागडी हेलिकॉप्टरं समुद्रावर अंधारात स्थिर राहू शकतात, पण सभेला नेणारी नि तीर्थयात्रेला नेणारी हेलिकॉप्टरं त्या जातीची नसतात.

रस्त्यावरचा ट्रकवाला धुक्यात ब्रेक दाबून कडेला उभा राहतो, निदान राहू शकतो. हवेत कडेला जागा नाही.

अंधारात धुकं दिसत नाही

दिवसा ढग समोरून येताना दिसतो, पायलट वळून परत जाऊ शकतो. रात्री काळ्या आभाळातला काळा ढग दिसणार कसा? आपण ढगात शिरलो हे पायलटला उशिरा आणि आडून कळतं. खालचे गावांचे दिवे एकेक करून मंद होतात. तारे जातात. आपल्याच हेलिकॉप्टरच्या टोकावरच्या दिव्याभोवती वलय दिसायला लागतं. हे ओळखेपर्यंत तो आत असतो. नीट बघावं म्हणून खालचा मोठा दिवा लावला, तर प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून उलटा डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांची तयारी त्या एका झोतात जाते, आणि ती परत यायला अर्धा तास लागू शकतो.

आमच्या भागात यात आणखी एक भर आहे. ग्वाल्हेरहून मुरैना किंवा भिंडच्या पलीकडे गेलं की चंबळची बीहड लागतात. मैलोन्‌मैल घळी, टेकाडं, बाभळी आणि दिवा नाही. हवा स्वच्छ असली तरी अमावास्येच्या रात्री असा प्रदेश वरून बघितला तर खाली काहीच नसतं, एक काळं भोक. अशा अंधारापलीकडे एकटाच दिव्यांचा ठिपका असेल आणि तिकडे उतरायला निघालं, तर आपण आहोत त्याहून उंच आहोत असं वाटतं आणि पायलट गरजेपेक्षा खाली येत जातो. तिरका जाणारा हायवे दिव्यांनी उजळलेला असेल तर तोच क्षितिज वाटतो आणि हेलिकॉप्टर त्याच्याशी समांतर, म्हणजे तिरकं केलं जातं. मळ्यांतले विखुरलेले दिवे आणि तारे एकमेकांत मिसळतात. हे भ्रम पुस्तकांत नावांनिशी दिलेले आहेत, म्हणजे ते नवशिक्यांचे नाहीत, सगळ्यांचे आहेत.

धुकं आपल्याकडे पडतं कसं, तेही यात महत्त्वाचं आहे. पश्चिमेकडून आलेला पाऊस जमीन भिजवून जातो, गहू-मोहरीला पाणी दिलेलं असतं, आभाळ निरभ्र होतं, वारा पडतो. रात्री जमीन उष्णता आभाळात सोडून थंड होते, तिला लागलेली हवाही थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. म्हणजे सगळ्यांत छान, चांदण्यांनी भरलेली शांत रात्र हीच धुक्याची रात्र. दृश्यमानता एक किलोमीटरच्या आत आली की त्याला धुकं म्हणतात. आपलं हवामान खातं २०० मीटरच्या आत दाट आणि ५० मीटरच्या आत अतिदाट धुकं म्हणतं. जानेवारीत आमच्याकडे बाड्यावर, म्हणजे ग्वाल्हेरच्या मुख्य चौकात, उभं राहून समोरच्या इमारतींचे मनोरे दिसत नाहीत अशा सकाळी येतात, तेव्हा यातला कुठला तरी आकडा चालू असतो.

हे धुकं पुष्कळदा शे-दोनशे मीटरच जाड असतं. वर स्वच्छ आकाश, चंद्र. त्यामुळे एक विचित्र सापळा तयार होतो. हेलिकॉप्टर उठलं तेव्हा सगळं ठीक होतं, तासाभरात खाली चादर पसरली. आता पायलट चांदण्यात मजेत उडतो आहे, पण खाली उतरायला जागा नाही, आणि लहान हेलिकॉप्टरमध्ये इंधन दोन-तीन तासांचं.

पण दिल्लीला तर विमानं उतरतात, असं कुणीतरी म्हणणारच. उतरतात. दिल्लीच्या धावपट्टीवर आयएलएस नावाची यंत्रणा आहे, तिच्या सर्वांत वरच्या पातळीवर अवघ्या ५० मीटर दृश्यमानतेतही विमान उतरू शकतं. त्यासाठी धावपट्टीशी जोडलेले रेडिओ झोत लागतात, खास दिवे लागतात, विमानात तशी यंत्रं आणि त्यासाठी शिकवलेले दोन पायलट लागतात. रुग्णालयाच्या आवारातल्या चुन्यानं आखलेल्या वर्तुळात यातलं काय आहे? म्हणून दोन इंजिनं, दोन पायलट, ऑटोपायलट असलेलं हेलिकॉप्टर एका सुसज्ज विमानतळावरून दुसऱ्यावर रात्री यंत्रांच्या आधारे जाऊ शकतं, उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर अशी उड्डाणं नेहमी होतात. पण खाचरात, शाळेच्या मैदानात किंवा गच्चीवर उतरायचं तर शेवटचा टप्पा डोळ्यांनीच करावा लागतो.

म्हणूनच डोळ्यांच्या भरवशावरच्या उड्डाणासाठी नियम आहेत. साधारणपणे पाच किलोमीटर दिसलं पाहिजे, ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं तीनशे मीटर अंतर पाहिजे. हेलिकॉप्टरांना काही सवलती असतात. आणि भारतात अशी उड्डाणं सूर्यास्त ते सूर्योदय सर्वसाधारणपणे करता येत नाहीत, स्थानिक किंवा प्रशिक्षणाच्या उड्डाणांना एटीसीनं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांनी, सूट दिली तरच. रात्री दहाला भाच्याला मिळालेलं "नाही" बहुधा इथूनच आलेलं असतं.

सैन्याकडे रात्रीचे चष्मे असतात, ते का वापरत नाहीत? ते चष्मे असलेला प्रकाश हजारो पटींनी वाढवतात, धुक्याच्या आरपार बघत नाहीत. उलट पातळ धुरकट हवेतून ते इतकं चांगलं दाखवतात की पायलट धीर धरून पुढे जातो आणि दाट भागात अडकतो. त्यांतून दिसणारा पट्टा साधारण चाळीस अंशांचा, खोलीचा अंदाज कमी. आणि विजेच्या तारा त्यांतूनही दिसत नाहीत. पायलट तारा शोधत नाहीत, ते खांब शोधतात आणि तारा आहेतच असं धरून चालतात.

मे-जूनच्या आंधीबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो. वादळी ढगातले खाली कोसळणारे झोत हेलिकॉप्टरला दाबतात, हे उघड आहे. कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे उतरताना पंख्यानंच उडवलेली धूळ शेवटच्या वीस-तीस फुटांत सगळं झाकून टाकते. एप्रिल १९८० मध्ये इराणच्या वाळवंटात ओलिसांना सोडवायला गेलेल्या अमेरिकी पथकाचं हेलिकॉप्टर रात्री अशाच धुरळ्यात स्वतःच्याच मालवाहू विमानावर आदळलं आणि आठजण मेले.

नाही म्हणणारा

भारतातले गाजलेले अपघात आठवून बघा. २ सप्टेंबर २००९, आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी, नल्लमलाचं जंगल, खराब हवामान. ८ डिसेंबर २०२१, जनरल बिपिन रावत, कुन्नूर. हवाई दलाच्या चौकशीत यांत्रिक बिघाड, घातपात आणि निष्काळजीपणा तिन्ही नाकारले गेले. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि पायलटला दिशाभ्रम झाला, असा निष्कर्ष निघाला. २ ऑक्टोबर २०२४, पुण्याजवळ बावधन, सकाळचं धुकं, तिघे गेले. १५ जून २०२५, केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर, पहाटेची वेळ, सातजण. यातला एकही अपघात रात्रीचा नाही, कारण नागरी हेलिकॉप्टरं आपल्याकडे रात्री फारशी उडतच नाहीत. दिवसाउजेडी ढग एवढं करतो. रात्रीची उदाहरणं मोजकी आहेत, तरी ४ नोव्हेंबर २०१५चं एक विसरता येत नाही. मुंबई हायच्या समुद्रात तेलाच्या फलाटावर रात्री उतरण्याचा सराव करणारं हेलिकॉप्टर पाण्यात गेलं, दोन्ही पायलट गेले. ते तर सरावच करत होते.

ग्वाल्हेरकराला या यादीत आणखी एक तारीख सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर २००१. माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते, ते विमान होतं, हेलिकॉप्टर नव्हे. मैनपुरी जिल्ह्यात खराब हवामानात ते कोसळलं, आठही जण गेले. त्या दिवसानंतर आमच्याकडे नेत्यांच्या उड्डाणांची चर्चा निघाली की "हवा कशी आहे?" हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. दुर्दैवानं तो प्रश्न पारावरचे लोक विचारतात, सभेचे आयोजक विचारत नाहीत. आयोजक विचारतात, "साहेब किती वाजता पोचतील?"

माझ्या मते या सगळ्या विषयात द्रव, तंतू, धुकं यांच्याइतकंच जड वजन याच प्रश्नाचं आहे. पायलटला नाही म्हणता येणं अवघड असतं. मागे मंत्री बसलेला असतो, किंवा व्हेंटिलेटरवरचं मूल असतं, किंवा नोकरी देणारा मालक असतो. कधी कुणी काही बोललेलंच नसतं, तरी त्यानं स्वतःवर दडपण घेतलेलं असतं. ब्रायंटच्या अपघाताच्या चौकशीत नेमकं हेच नोंदवलं गेलं, की पायलटनं स्वतःच स्वतःवर ओझं घेतलं आणि ठरलेला बेत मोडला नाही. जितकं ठिकाण जवळ येतं तितकं परत फिरणं जड जातं. आता दहाच मिनिटं राहिलीत, असं वाटतं.

अमेरिकेत हेलिकॉप्टर अँब्युलन्सचा व्याप मोठा आहे आणि २००८ हे त्यांचं सर्वांत घातक वर्ष ठरलं. त्यानंतर तिथं जमिनीचा इशारा देणारी यंत्रं आणि उड्डाणाआधी धोक्याचं मोजमाप असे नियम आले, ते २०१४ मध्ये पक्के झाले. मला त्याहून मोलाची वाटते ती तिथल्या अनेक सेवांनी पाळलेली एक साधी रीत. पायलटला रुग्णाबद्दल काहीही सांगत नाहीत. बाळ आहे की म्हातारा, अपघात आहे की अटॅक, काही नाही. फक्त इथून तिथं जायचंय, जमेल का? त्यानं हवामान बघून उत्तर द्यायचं. आणि चमूतल्या नर्सपासून पायलटपर्यंत कुणीही एक जण नाही म्हणाला, तर उड्डाण रद्द, कारण विचारायचं नाही.

तिथंच आणखी एक दुखणं सापडलं, आणि ते वाचताना मला थेट आपल्याकडचे लोक आठवले. एका कंपनीनं हवामानामुळे नकार दिला की दुसरीला फोन करायचा, आणि पहिलीनं नकार दिला होता हे सांगायचं नाही. तिसरीला, चौथीला. शेवटी कुणीतरी हो म्हणतं, आणि त्याला माहीतच नसतं की आधीच्या तिघांनी काय बघून माघार घेतली. लग्नाच्या मांडववाल्यापासून वकिलापर्यंत सगळीकडे आपण हेच करतो आणि त्याला व्यवहारचातुर्य म्हणतो. इथं ते जीव घेतं, आणि आपल्या पेशंटबरोबर अजून तीन-चार जणांचा.

वाटेत हवामान बिघडलं तर हेलिकॉप्टरजवळ एक हुकमी पान असतं, जे विमानाजवळ नसतं. दिसतंय तोवर कुठल्याही शेतात उतरायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांचं हेलिकॉप्टर खराब हवामानामुळे पिथौरागढ जिल्ह्यातल्या रालम गावाजवळ उतरवण्यात आलं, त्यांनी ती रात्र डोंगरातच काढली. वर्तमानपत्रांनी त्याला थोडक्यात बचावल्याची बातमी केली. माझ्या मते ती एका नेमक्या निर्णयाची बातमी होती. शेतात उतरलेल्या हेलिकॉप्टरचा फोटो बघून "बघा, काय अवस्था" म्हणणाऱ्यांनी पायलटचं अभिनंदन करायला शिकावं.

आता भाच्यासाठी. धुक्याचा अंदाज संध्याकाळीच हवामान खात्याच्या संकेतस्थळावर असतो. दिल्लीला न्यायचं की नाही हे रात्री दहाऐवजी दुपारी दोनला ठरलं, तर हेलिकॉप्टर आणि रस्ता दोन्ही हाती असतात, म्हणून डॉक्टरांना दुपारीच स्पष्ट विचारावं. रात्री नकार आला तर पहिलं विचारायचं ते हे, की विमानतळावरून विमानाची सोय होते का, कारण ते यंत्रांच्या आधारे उडतं. तेही नाही जमलं तर चांगली कार्डियाक अँब्युलन्स, सावकाश वेग, आणि वाटेत आग्र्याचं कुठलं रुग्णालय रात्री घेईल ते आधीच फोनवर ठरवून ठेवलेलं. दुसऱ्या कंपनीला फोन केलाच, तर पहिल्या वाक्यात सांगायचं की अमक्यांनी धुक्यामुळे नाही म्हटलंय.

धुकं आमच्याकडे बहुतेक दिवशी दहा-अकरापर्यंत उठतं. तोवर घरातल्या पोरांना उतरण्याच्या मैदानावर पाठवावं. जवळून जाणाऱ्या विजेच्या तारा, मोबाइलचा मनोरा, उंच झाडं यांची नोंद करून फोनवर कळवायची. मंडपाची कनात, पत्रे, पोती, उडेल असं सगळं हलवायचं, लोकांना लांब थांबवायचं आणि मैदान कोरडं असेल तर हेलिकॉप्टर यायच्या आधी टँकर बोलावून त्यावर पाणी मारून घ्यायचं.